दुकानात ठेवलेला फोन

चि. हर्षल,

फोन हरवू नये म्हणून तू त्यात सेटिंग करून दिलंस. परवा तू फोनवर बोलत होतास, तेव्हा मागून सूनबाई म्हणाली, "नकाशात पाहिलं मी, बाबा दुकानातच आहेत." माझे कान शाबूत आहेत, बापू.

आता खरं सांगतो. मोताळ्याच्या बाजारादिवशी फोन दुकानात फवारणीपंपांमागं ठेवतो अन् एसटीनं तिथं गोजरबाईंकडे जातो. माझ्यासारख्याच त्याही एकट्या. चहा होतो, हसणं होतं. मागल्या बाजारी म्हणाल्या, "पोराले काऊन भेता हो एवढे?"

हे पत्र धाडलं, तर तेही लपूनच सांगणं होईल, म्हणून धाडत नाही. येत्या बाजारी फोन खिशात नेतो. नकाशात बाप मोताळ्यात दिसला, की तुझा फोन येईलच. त्यांच्यासमोरच उचलीन.

तुझा बाप,
कारभारी