नाना फोन उचलत नाहीत

धरणगाव, ३ जून २०२४

ती. नानांस मयुरीचा सा. न.

तीन आठवडे फोन करतेय, तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. अठ्ठावीसला जळगावात केळी परदेशी पाठवणाऱ्या कंपनीत माझी मुलाखत आहे, सगळी इंग्रजीत. नोकरी लागली तर ठीक, नाहीतर बाबा दिवाळीआधी मला उजवून मोकळे होणार. सख्ख्या काकाने बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलंय, मग मी क्लास कशाला लावू? रोज फोनवर अर्धा तास माझ्याशी इंग्रजीत बोला, एवढंच मागणं. तोवर धुरपदाआत्यावर सराव चाललाय. ती शेंगा फोडते, मी बोलते. ती म्हणते, "माले काही समजत नही, तू बोल."

काकूंना नमस्कार, तुम्हाला धाक.
मयुरी

धुळे, ९ जून

चि. मयुरीस अ. उ. आ.

इथे रेंज नसते. टॉवर घरासमोरच आहे, तरी नसते. भाषा पाया घालून शिकावी. सोबत काळांचे तक्ते पाठवतोय, ते पाठ झाल्याशिवाय तोंड उघडू नकोस. तू व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं बोलणं ऐकलं, एका मिनिटात नऊ चुका! मुलाखतीत माझं नाव सांगू नकोस. आणि अक्काला कसलं इंग्रजी ऐकवतेस? गाढवापुढे वाचली गीता. हे तिला सांगू नकोस, मोठी बहीण आहे.

चुका कमी, लोभ जास्त असावा.
सुकदेवनाना

धरणगाव, १ जुलै

ती. नाना, सा. न.

रेंज नसते, पण नऊ चुका मोजण्यापुरती होती, यावर आत्या पोट धरून हसली. माझ्या इंग्रजीला मात्र ती एकदाही हसली नाही. तुमचं पत्र आल्यावर चार दिवस माझी वाचाच बसली होती. मग तिनेच सांगितलं, की धुळ्याच्या एसटी स्टँडवर एका गोऱ्या पाहुण्याने वाट विचारली आणि आमचे इंग्रजीचे सर, म्हणजे तुम्ही, हातवारे करून चक्क मुके झालात. आधी हसले, मग संताप आला. किती पोरं अशी मुकी करून सोडलीत, नाना?

मुलाखतीत पुष्कळ चुकले. केळीच्या घडाला इंग्रजी शब्द आठवेना, हातांनी घड दाखवला आणि बोलत राहिले. आजपासून कामावर आहे. पेढे पाठवतेय.

रागावले असले तरी तुमचीच,
मयुरी

धुळे, ६ जुलै

चि. मयुरीस अ. उ. आ.

पेढे पोचले. तुझं पत्र तपासायला लाल पेन काढलं होतं, ठेवून दिलं. अक्का म्हणते ते खरं आहे, पण पुढचं तिला ठाऊक नाही. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, एखादा शब्द चुकेल म्हणून गिळलं. तेवढ्यात मागून माझ्याच दहावीतला योगराज आला आणि दोन मोडक्या वाक्यांत त्याने पाहुण्याला रिक्षात बसवून दिलं. दुसऱ्या दिवशी ती दोन्ही वाक्यं मी फळ्यावर लिहिली आणि सगळ्या वर्गादेखत त्यांतल्या चुका काढल्या. वर्षभर तो पुन्हा वर्गात बोलला नाही. मला लाज वाटते, मयुरी.

पुढच्या रविवारी सकाळी दहाला फोन कर. रेंज असेल. पाच मिनिटं इंग्रजीत बोलेन म्हणतो. अक्काला शेजारी बसव, शेंगा घेऊन.

लोभ ठेव, चुका मोजू नकोस.
तुझा मुका काका,
सुकदेव