दिवा मालवू का?

ॲश्टाब्युला, ओहायो
३ फेब्रुवारी २०१९

ती. रॉयदादास,
सा. न. वि. वि.

"मला एकच मूल आहे, ही मुलगी." अकरा वर्षांपूर्वी बाबा कोर्टात उभे राहून न्यायाधीशांना हे म्हणाले आणि तू मान खाली घातलीस. तुरुंगातून आलेल्या तुझ्या पहिल्याच पत्रात तू मला बजावलंस, की त्यांचं नावही पुन्हा लिहायचं नाही. इतकी वर्षं पाळलं. आज मोडते आहे.

बाबांना तीन आठवड्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. गिळता येत नाही, म्हणून नाकातून नळी आहे. स्वतःची वाक्यं त्यांच्याजवळ उरलेली नाहीत, पण रेडिओ-टीव्हीवरची जुनी वाक्यं खणखणीत बाहेर पडतात. डॉक्टर म्हणतात, असं होतं; पाठ झालेलं मेंदूत वेगळीकडे राहतं. "ताडपत्री आणा, गडी आत पळाले," असं परवापर्यंत सारखं चालू होतं. डॉटी नावाची नर्स आहे, ती बिचारी दोनदा खिडक्या बघून आली. "दोन गाद्यांवर उशी फुकट," हे दुसरं. त्यावर आम्ही हसलोसुद्धा.

तिसऱ्यावर हसू आलं नाही. माझा हात धरून विचारायचे, "दिवा मालवू का?" दिवसातून दहा वेळा. डॉ. ब्रॅनन टेक्सासचे, तरुण आणि भले आहेत. ते म्हणाले, वडील तुमची परवानगी मागताहेत, माणसं जाताना अशी विचारतात. तुम्ही हो म्हणा, त्यांना मोकळं करा. मला पटलं, दादा. परवा मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "हो बाबा, मालवा." त्यांनी माझ्याकडे परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. तेव्हापासून एक शब्द नाही.

पंधरा तारखेला मला सही करायची आहे. पोटात कायमची नळी बसवायची, की आहे तीही काढून नुसतं शांत पडू द्यायचं. आई सांगायची, माझ्या जन्माआधी तू आणि बाबा दर शनिवारी सकाळी टीव्हीपुढे बसायचात. हे तिथलं काही आहे का? तुझ्याशिवाय विचारायला आता कोणी नाही. तुझ्याकडे पत्रं उघडून वाचतात, त्यात चार दिवस जातात, म्हणून लगेच लिही.

तुझ्या दोन ओळींवर अवलंबून असलेली,
क्रिस्टा

८ फेब्रुवारी

चि. क्रिस्टा हिस,
अनेक आशीर्वाद. हे म्हाताऱ्यासाठी नाही, तुझ्यासाठी लिहितो आहे, एवढं ध्यानात ठेव.

ताडपत्रीचं सोपं आहे. बेसबॉलच्या सामन्यात पाऊस आला की रेडिओवरचा माणूस तसं ओरडायचा. आमच्या घरात त्याचा अर्थ, थंडी वाजते, पांघरूण द्या. खिडक्या कसल्या तपासता? गाद्यांची जाहिरात एका फर्निचरवाल्याची होती. कोणी फार गोड बोलायला लागलं की म्हातारा ती म्हणायचा. त्या वेळी तुझा टेक्सासवाला खोलीत होता का, आठवून बघ.

दिवा म्हणजे गस. टीव्हीवरचा दीपगृहवाला. पुठ्ठ्याचं दीपगृह, दोरीला टांगलेले प्लास्टिकचे मासे, आणि गसची दाढी दर आठवड्याला थोडी सरकलेली. शेवटी तो दिव्याकडे हात नेऊन विचारायचा, दिवा मालवू का? आणि घराघरातल्या पोरांनी ओरडायचं, "थांब, एक बोट यायची आहे!" मग तो हात मागे घ्यायचा. दर शनिवारी. हो असं कोणी कधी म्हटलं नाही. तो दिवा एकदाही विझला नाही.

म्हातारा गोदीवरून लोखंडाची माती अंगभर घेऊन यायचा. मला झोपवताना बटणावर बोट ठेवून तेच विचारायचा. माझं उत्तर आलं की पॅसेजमधला दिवा तसाच ठेवून जायचा. मी नऊ वर्षांचा होईपर्यंत हे चाललं. त्याच वर्षी कार्यक्रम बंद पडला आणि तू झालीस. तुला कुठून माहीत असणार? मनाला लावून घेऊ नकोस.

तो मरायला परवानगी मागत नाही. त्याला उत्तर दे, आणि नळीला सही कर.

आणि मला फोनवर बोलवायचं तुझ्या डोक्यात येण्याआधीच सांगतो, नाही. मी दारू पिऊन गाडी चालवली, सोळा वर्षांची मुलगी गेली. त्यानं मला टाकलं, ते मी समजू शकतो. पण टाकलेल्यानं आपण होऊन दार वाजवायचं नसतं.

वेलचीचा पाव भाजलास की माझ्या वाटणीचा तूच खात जा, माया मात्र पातळ करू नकोस.
रॉय

१४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पांघरूण दिलं. पाच मिनिटांत चेहरा निवळला. तुझं पत्र डॉ. ब्रॅनन यांना वाचायला दिलं. ते कानापर्यंत लाल झाले. मग म्हणाले, मी चूक केली.

मी कानाशी जाऊन उत्तर दिलं. बाबांनी भिंतीकडून तोंड वळवलं. माझ्याकडे नीट बघितलं, चालत्या हातानं माझा हात थोपटला, समजूत घालावी तसा. आणि दाराकडे बघून पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी पुन्हा उत्तर दिलं. त्यांनी पुन्हा दाराकडे बघितलं. चार वेळा. डॉटी म्हणाली, हे कोणाची तरी वाट बघताहेत, बाई.

खरं सांगू? मला लागलं. अकरा वर्षं त्यांचं एकुलतं एक मूल म्हणून मी त्यांचं सगळं केलं, आणि शेवटी त्यांना उत्तर माझ्या तोंडून नको आहे. बाथरूममध्ये जाऊन रडले. मग लाज वाटली, कारण तू म्हणालास ते दार त्यांनी आपल्या परीनं वाजवलं आहे, रोज दहा वेळा, आणि आम्ही ते कागदावर आजार म्हणून लिहून ठेवत होतो.

नळीची सही काल केली. पण आज पहाटेपासून ताप आहे, छातीत घरघर आहे. नळीचं आता कोणी बोलत नाही. आठ-दहा दिवस, असं डॉक्टर म्हणाले.

तुमच्या तुरुंगातल्या पाद्र्यांशी मी तुला न विचारता बोलले. रागाव. रविवारी, चोवीस तारखेला दुपारी दोन वाजता ते त्यांच्या खोलीतून दहा मिनिटं फोन लावून देतील. फॉर्मवर तुझी सही लागते, तेवढंच. माफी मागू नकोस, माफ करूही नकोस, नुसतं ते बोटीचं उत्तर दे. मी रिसीव्हर त्यांच्या कानाशी धरून बसेन आणि स्वतः काही ऐकणार नाही.

मी तुला ओळखते. हे पत्र तू घडी घालून गादीखाली ठेवशील आणि पाद्र्यांना नाही म्हणून सांगशील. तो नकार मला आत्ताच ऐकू येतो आहे. तरी मागते, दादा. सही कर.

क्रिस्टा