गावाचा फोन

कवठे येमाई, रविवार, मार्च २००४

आज काँगोतून यांचा फोन आला, पण माझ्या वाट्याला कुठला यायला! शांतिसेनेत गेलेला गावचा पहिला फौजी, म्हणून दुकानातल्या फोनपाशी अख्खी आळी जमलेली. मामंजी रिसीव्हर सोडीनात. "तिकडं मेंढरं हायत का? लोकर कशी हाय?" मग सरपंच, मग चुलत सासरे. सगळ्यांची छाती फुगलेली आन् मी मागं धुसफुसत. परदेशातल्या माणसाला मेंढरं काय विचारायची? माझ्या हातात आला तवा फोन कटला.

तेवढ्यात पुन्हा वाजला. "संपलं का गाव? आता तू बोल."

सगळ्यांचे कान माझ्याकडं. काय बोलणार? म्हणलं, "मेंढरं बरी हायत."

हे हसले. म्हणाले, "मलापण तुझी लई आठवण येती."