शेवटचा आकडा

दि. १२ जुलै

ती. दादास,
सा. नमस्कार. आणि हे पत्र उघडणारे तुम्ही दादा नसाल, तर तुम्हालाही नमस्कार. कृपा करून फाडू नका, शेवटपर्यंत वाचा. हेच पत्र मी दहा घरांना पाठवते आहे.

इकडे सगळे खुशाल. बाबांचे गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. मी जुन्या व्हिडिओ गेमच्या दुकानात काम करते. हसू नकोस. लोकांनी विकलेले गेम, कॅसेटी पोत्यांनी येतात. त्यांवर मुलांनी नावं, मिशा, शिव्या, काय वाट्टेल ते लिहिलेलं असतं. मी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवते आणि पुसते. मालकीणबाईंचा नियम एकच : "शाई वाचत बसायचं नाही. वाचलंस की हात थांबतो." आठ वर्षांत मी तो नियम एकदाही मोडला नव्हता.

सोमवारी हातात मावेल असा एक गेम आला. बॅटरीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने तीन ओळी लिहिलेल्या. डाग पसरू नये म्हणून मी नेहमी खालच्या उजव्या कोपऱ्यापासून सुरू करते. एक हात फिरवला आणि नजर वर गेली. 'हा गेम खटपट्याच्या मुलीचा आहे. सापडल्यास पोचवावा.' खाली गाव, गल्ली, घर नंबर १४ आणि त्यापुढचा आकडा माझ्या बोळ्यावर, म्हणजे १४० ते १४९ यांतलं कुठलंही घर.

खटपट्या तुला बाबांशिवाय कोण म्हणायचं? आणि अक्षरही तुझंच, प्रत्येक ओळ वर चढत गेलेली. दादा, तुला मुलगी आहे. मी आत्या आहे, आणि मला ते असं कळलं.

त्या एका आकड्यासाठी काय नाही केलं! उजेडात धरलं, भिंगाखाली धरलं. बॉलपेन असतं तर खाच तरी राहिली असती, मार्करचं काहीच राहत नाही. माल आणणारा म्हणाला, "ताई, मी काय पोत्याला विचारू, कुठून आलास म्हणून?" मालकीणबाईंनी झाकण बघितलं. म्हणाल्या, "इतकं स्वच्छ कधी पुसलं नव्हतंस." मी तिथेच रडायला लागले.

इथपर्यंत लिहून दोनदा चहा करून आले. आता सांगते.

बाबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान तुझ्यामुळे जळलं नाही. त्या दुपारी तुझ्या खिशातली किल्ली मी घेतली होती. बिघडलेला गेम नीट करायला बसले, आणि मैत्रिणींची हाक आली तशी सोल्डरिंगची गन चालू ठेवून पळाले. बाबांनी गल्लीसमोर तुझ्या कानाखाली वाजवली, तेव्हा मी दाराआड होते. तू माझ्याकडे बघितलंस. तुला कळलं होतं ना? तू माझं नाव घेतलं नाहीस, आणि मी मूग गिळून बसले. तू घर सोडून गेलास तेव्हाही, आणि पुढची सतरा वर्षंही. चौदा वर्षांची होते, घाबरले होते, हे खरं आहे. पण पुढे तर मी चौदाची नव्हते.

परवा बाबांना सगळं सांगितलं. वाटलं, घर डोक्यावर घेतील. ते भरल्या ताटावरून उठले. "मी पोराला उगाच मारलं गं," एवढंच म्हणाले. तेव्हापासून सारखे विचारतात, "नंबर आठवला का?"

थेट येऊन दहाही दारं वाजवता आली असती. पण न विचारता तुझ्या दारात उभं राहायला मला तोंड नाही. म्हणून सोबत माझा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट ठेवलं आहे. तुम्ही अनोळखी असाल, तर हे पत्र त्यात घालून परत पाठवा, फार उपकार होतील. ज्या घरातून ते परत येणार नाही, तिथे मी बाबांना घेऊन येईन. चुकीच्या दारात शिव्या बसल्या तर खाईन.

आणि दादा, आम्ही यायला नको असू, तर तूही पत्र परत पाठव. बाकीच्या नऊ जणांसारखंच, एक अक्षरही न लिहिता. दहाच्या दहा परत आली, तर बाबांना सांगेन की गावाचं नावच मी चुकीचं वाचलं होतं.

तुझं पत्र न येण्याची वाट बघणारी,
तुझी धाकटी