सातवा टॅब

डार्मश्टाट, शनिवार

प्रिय ईश्वरी,

परवा दुपारी कपाटातून पंख्याची घरघर ऐकू आली, त्या क्षणी माझं सगळं फिरलं. तोवर मी मजेत होतो. म्हणजे तुझ्याविना जेवढं मजेत असता येतं तेवढा.

आपल्या दोघांसाठी मी बनवलेलं ते दिव्याचं वेबपान आठवतं ना? प्रोफेसरशी भांडून मी युनिव्हर्सिटी अर्धवट सोडली; आयुष्यात पूर्ण केलेली गोष्ट एकच, ते पान. साधं पान सर्व्हरला विचारतं, उत्तर मिळालं की विषय संपला. आपलं पान मागच्या मागे विचारायचं, ‘काही निरोप?’ आणि सर्व्हर निरोप येईपर्यंत गप्प. तोवर कनेक्शन उघडं, आणि ते उघडं असेपर्यंत दुसऱ्याच्या पानावर दिवा. बोलायची गरजच नाही. तू तिथे आहेस, एवढं कळायचं.

तू येनाला निघून गेलीस, तरी तुझा दिवा लागलेलाच राहिला. मी वेड्यासारखा खूश. गोदामात शिफ्टवर खोकी उचलताना फोन काढून बघायचो. रागावलीय, पण पान उघडं ठेवून बसलीय. खालच्या शोभनाकाकूंना सांगितलं, तर म्हणाल्या, “अरे, रागावून गेलेली पोरगी दिवा ठेवून जात नाही, चार्जर विसरून जाते.” मी त्यांच्यावरही उखडलो. भाडेकरूनं घरमालकिणीवर. आल्झो, म्हणजे काय, माझा स्वभाव तुला माहीत आहे.

आणि परवा ती घरघर. तुझ्या रजईखाली तुझा जुना लॅपटॉप, चार्जरला लावलेला, गरम. मी शिफ्टवरून येऊन झोपलो की पंख्याच्या आवाजानं उठू नये म्हणून तूच तो कपाटात ठेवायचीस. झाकण मिटलं तरी तो झोपत नव्हता, तुझी गणितं चालू राहावीत म्हणून. इतके दिवस तुझा दिवा माझ्याच कपाटातून येत होता. मी कामावर गेलो की रिकाम्या खोलीत तो लॅपटॉप माझी वाट बघायचा. सर्व्हरला माणसं कळत नाहीत गं, त्याला फक्त उघडी कनेक्शन कळतात.

झाकण उघडलं. आपलं पान सहा टॅबमध्ये उघडं होतं. जुना टॅब न शोधता नवा उघडायची तुझी सवय. आणि सातवा टॅब, पांढरा, कोरा, नुसता फिरत असलेला. मी टॅब पुन्हा मोजले. आपल्यासारख्या घरगुती सर्व्हरशी ब्राउझर एका वेळी सहाच कनेक्शन ठेवतो. सहाही निरोपाची वाट बघत अडकलेली, मग सातवं रांगेत. तू गेलीस त्या दिवशी तासभर त्या पांढऱ्या पानासमोर बसली असणार. मी घरी आलो तेव्हा तू एवढंच म्हणालीस, “तू मला बाहेर काढलंस.” कशातून, हे कळायच्या आत आपण दोघं ओरडत होतो. मी काढलं नव्हतं, ईश्वरी. तू आतच होतीस, सहा वेळा.

मी लॅपटॉप बंद केला. फोनवरचा दिवा विझला. गेनाऊ, बरोबरच, विझायलाच हवा होता. तोंड धुऊन आलो, तर परत लागलेला. लॅपटॉप थंड, चार्जर काढलेला, आणि दिवा लागलेला. आज तिसरा दिवस. कनेक्शन कुठून आलंय ते मला बघता येतं. बघितलं नाही. येना दिसलं तर मी मिळेल ती गाडी पकडेन, आणि तू येऊ नकोस म्हणाली आहेस. याच घराचा पत्ता दिसला, तर या खोलीत पुन्हा पाठ टेकायची माझी हिंमत नाही.

हे लिहायला बसलो ते यासाठी. निरोप पोचला की वाट बघणारं कनेक्शन संपतं. पलीकडे खरंच कुणाचं पान उघडं असेल, तर ते लगेच पुन्हा विचारतं आणि दिवा राहतो. नुसतं लटकून राहिलेलं जुनं कनेक्शन असेल, तर विझतो. मी निरोप टाईप केलाय, एकच शब्द: ‘जेवलीस?’ पलीकडे तू असशील, तर या पत्राच्या आधीच तो वाचला असशील. नसशील, तर सातव्या टॅबबद्दल कळायला तुझ्याकडे हे पत्रच आहे. काय होतं ते मला बघायचं नाही. फोन टेबलावर ठेवतोय, एंटर दाबतोय, पत्र टपालात टाकायला खिशात घालून स्क्रीनकडे पाठ करून निघतोय, आणि दार बाहेरून ओढून घेतोय.

तुझाच,
मनु