उभ्या केसांची तबकडी

घर,
४ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. नमस्कार रागाने घातला आहे, तरी तो साष्टांगच आहे, याची कृपया नोंद घ्यावी.

फोनवर मला भांडता येत नाही. तू मध्येच हसतेस आणि माझे वाक्य अर्धवट राहते, म्हणून हे पत्र.

काल जेवताना आई सहज म्हणाली, की ताईचा फोन आला होता, तिला ती गाण्यांची तबकडी फार आवडली. माझ्या हातातला घास हातातच राहिला. ताई, ती तबकडी माझी आहे.

आमच्या ग्रंथालयाला कोणीतरी जुन्या पुस्तकांची खोकी दिली, त्यांत ती निघाली. ग्रंथपालबाई म्हणाल्या, आपल्याला नको, हवी तर तू ने. मुखपृष्ठावर चार पुरुष आहेत. चकचकीत घट्ट विजारी, डोळ्यांत काजळ, आणि केस असे फुगवून उभे केलेले, की चौघांच्या मध्ये पाचव्याला शिरायला वाव नाही. या संगीताला हेअर मेटल म्हणतात. ऐंशीच्या दशकात यांनी म्हणे धुमाकूळ घातला होता. आता त्यांना कुत्रेही विचारत नाही.

मी ती आमच्या श्रवणकक्षात, जेवणाच्या सुट्टीत, कानांना हेडफोन लावून ऐकली. पहिल्या गाण्याला दचकले आणि चष्मा नाकावरून घसरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकली. तिसऱ्या दिवशी शब्दकोश घेऊन बसले. प्रत्येक गाण्यात आग, रस्ता आणि निघून गेलेली मुलगी, एवढेच आहे. तरीही मी डबा न उघडताच कामावर परतले. माणसाला इतक्या मोठ्याने दुःख करता येते, हे मला ठाऊकच नव्हते.

मग सवयीप्रमाणे तिला खाकी कागदाचे कव्हर घातले, वर नाव लिहिले आणि कपाटात ठेवली. आईने ती उचलून तुला पाठवली. मला एका शब्दानेही विचारले नाही. आईचे कुरळे केस तुला मिळाले, आईचा आवाज तुला मिळाला, लग्नात आईचा रेकॉर्ड प्लेअरही तूच उचलून नेलास. मला काय मिळाले? प्रगतिपुस्तक.

मला तुझा मत्सर वाटतो. आधी ‘हेवा’ लिहिले होते, पण ते फारच सौम्य वाटले.

तबकडी परत पाठवावी. भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच; तो वाढवायचा की कसे, ते पार्सल हाती आल्यावर ठरवीन.

तुझी,
धाकटी


१२ फेब्रुवारी

चि. चष्मिशबाईंना,

अ. उ. आ. आशीर्वाद उत्तमच आहेत, पण आज जरा दात-ओठ खाऊन दिलेत.

तुझं पत्र मी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत, शिकवता शिकवता वाचलं. मत्सरापर्यंत पोचले आणि तेवढ्यात माझ्या शिकाऊ बाईंनी गाडी एका कुंपणात घातली. माझ्या पायाखालचा ब्रेक मी दाबलाच नाही. मालकांनी मला सगळ्यांदेखत झापलं. ते तुझ्या खाती मांडलंय.

आता आईची बाजू ऐक. तिने कपाट उघडलं तर आत खाकी कागदात गुंडाळलेलं चौकोनी काहीतरी, वर तुझं मोत्यासारखं अक्षर. कोपऱ्यातून जरा कागद सरकवून पाहिला तर ते चौघे. तिला वाटलं, धाकटीने ताईसाठी पार्सल तयार केलंय, पत्ता तेवढा राहिलाय. ऐकायचं यंत्रही माझ्याकडेच, मग दुसऱ्या कुणासाठी असणार? केवढं कौतुक करत होती तुझं! मोठ्या मनाची आहे म्हणे. अगं, रेकॉर्डला कव्हर घालणारं माणूस या पृथ्वीवर तुझ्याशिवाय आहे का दुसरं?

पण परत मिळणार नाही. कारण ती आधी माझी होती.

तुला माहीत नाही. आईने पार्लर नवीन उघडलं तेव्हा पोरी हेच मुखपृष्ठ घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, असे केस करून द्या. केस उलटे विंचरून फुगवायचे, स्प्रे मारायचा, पुन्हा फुगवायचे. हे चौघे समोर ठेवूनच ती हे सगळं शिकली. घरी संध्याकाळी तीच रेकॉर्ड. मी खुर्चीवर उभी, हातात कंगव्याचा माईक, आणि आई पोळपाटाचा ढोल बडवतेय. बाबा कानांत कापूस घालून पेपर वाचायचे, पण पाय हलायचा त्यांचा.

मग तू शाळेत जायला लागलीस. एकदा तू कोपऱ्यात दोन्ही कानांत बोटं घालून पुस्तकावर वाकून बसली होतीस. आईने ते पाहिलं आणि गाणं बंद केलं. मधेच. मी नाचत होते गं, माझा एक पाय वर होता. पुढच्या आठवड्यात रेकॉर्ड कुठल्याशा गिऱ्हाइकाला देऊन टाकली. तिथून घरात एकच मंत्र : हळू, धाकटीचा अभ्यास चाललाय. दार हळू, भांडी हळू, हसणंसुद्धा हळू. तुझा पहिला नंबर आला की सगळं घर टाळ्या वाजवायचं. तेवढा एक आवाज चालायचा.

तेव्हा जळण्याचं म्हणशील तर मी तुझ्या आधीपासून जळतेय, मला सीनियॉरिटी आहे. तुला एवढं हवंय तर माझ्याशी काय भांडतेस? आईला तोंड उघडून सांग. ती काय कपाटातून मनातलं वाचणार आहे?

शिल्लक लोभ जपून वापर.

तुझी,
ताई


घर,
२१ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. या वेळी रागाचा अंश कमी आहे.

तुझे पत्र वाचून वाईट वाटले. खोटे लिहीत नाही, त्याबरोबर आणखी थोडा मत्सरही वाटला. पोळपाटाचा ढोल मला आठवतही नाही.

शनिवारी मी पार्लरमध्ये गेले आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले. आईने विचारले, टोके कापायची का? मी म्हटले, नाही, त्या मुखपृष्ठावरच्या डावीकडून दुसऱ्यासारखे करून दे. माझा आवाज इतका बारीक निघाला, की तिने दोनदा विचारले. तिसऱ्यांदा सांगितले तेव्हा ड्रायरखाली बसलेल्या शिवणकामवाल्या काकूंनाही ऐकू गेले. त्या म्हणाल्या, पोरीला ताप आहे का बघा.

आई म्हणाली, तुझे केस सरळ आणि विरळ, ते उभे राहायचे नाहीत. मी म्हटले, पडले तर पडू देत. मग तिने ती बारीक दातांची फणी काढली. पहिल्यांदा केस भिजलेल्या मांजरासारखे बसले. दुसऱ्यांदाही तेच. काकू म्हणाल्या, सोडा नाद. आईने उलट दार लोटून घेतले, माझ्या तोंडावर टॉवेल धरला आणि स्प्रेचा असा फवारा मारला, की आम्ही तिघीही खोकलो.

खोकता खोकता तिने विचारले, की तुला तर या गाण्यांचा त्रास व्हायचा ना, कान झाकून बसायचीस? मी सांगितले, की पाठांतर करताना मी नेहमीच कान झाकते, अगदी रिकाम्या ग्रंथालयातसुद्धा. तसे केले की स्वतःचा आवाज आत मोठा ऐकू येतो. गाण्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. आईने हातातली फणी खाली ठेवली. मग म्हणाली, की तेव्हाच सांगायचे होतेस, बाई. एवढी वर्षे मी गप्प बसले.

त्यानंतर तिने केस पुन्हा धरले आणि गुणगुणू लागली. मधले गिटारसुद्धा तोंडानेच, नाकात, जोरात! काकूंनी ड्रायरमधून डोके बाहेर काढले. ताई, माझे केस उभे राहिले. दाराच्या चौकटीला लागतील इतके नाही, पण राहिले. आम्ही तशाच बाजारातून घरी आलो. बाबांनी दार उघडले, आत कोण हवे आहे असे विचारले, आणि मग ओळखले.

तुला वाईट वाटावे म्हणून लिहीत नाही. थोडे त्यासाठीही लिहीत आहे.

तबकडी राहू दे तुझ्याकडे. लोभ पूर्ववत केला आहे.

तुझी,
धाकटी


१ मार्च

चि. धाकटीस,

अ. उ. आ.

आईचा फोन येऊन गेला. धाकटीचे केस कसे राहिले, धाकटी आरशात कशी हसली, धाकटीचा चेहरा कसा खुलला. मी हूं हूं करत होते. माझे केस आपोआप उभे राहतात, म्हणून त्यांचं कौतुक या घरात कुणी केलेलं मला आठवत नाही. तुझे भाऊजी म्हणाले, तुझा चेहरा का उतरला? मी म्हटलं, क्लच खराब आहे.

एकच विचारते आणि मग हा विषय बंद. ती गुणगुणत होती ते कोणतं गाणं होतं? शेवटचं संथ गाणं ती मला झोपवताना म्हणायची. कुशीवर वळून, अगदी हळू. ते माझं आहे. तेच असेल तर कळवू नकोस. दुसरं कुठलंही असेल तर लगेच कळव.

बाकी ठीक. लोभाचं काय लिहू, तो कमी झाला असता तर एवढं जळले नसते.

तुझी,
ताई


(पोस्टकार्ड)

घर,
५ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझे पत्र आत्ताच मिळाले, लगेच कळवीत आहे. आई गुणगुणत होती ते दुसऱ्या बाजूचे पहिले गाणे, ते धडधडणारे. शेवटचे मुळीच नव्हते.

शपथ मात्र घालू नकोस.

तुझी,
धाकटी