मिठाचा बर्फ

२१ मार्च १९५५, नागभीड
कुरखेड्याच्या पुढं रानात देवीची साथ. शेजारच्या गावात अजून नाही, तिथली पोरं मला टोचायची आहेत. लस नागपूरहून आली, बर्फात. ऊन लागलं की लस मरते, आणि यंदा मार्चातच अंग भाजतंय. दर खेपेला वाटेत बर्फ संपत येतो. नागपूरला आइस्क्रीमवाला बर्फात मीठ टाकतो ते पाहिलंय, भांडं हाताला चिकटावं इतकं गार होतं. आज डब्यात दोन मुठी खडे मीठ टाकलं.
सौ. : "काऊन? बर्फाचं लोनचं घालता का?"

२२ मार्च, कुरखेडा
वडसा स्टेशनवर लसीच्या डब्याला बाहेरून बर्फाचा पांढरा थर धरलेला. खूश झालो. पुढं बैलबंडी. संध्याकाळी झाकण काढलं तर सगळं पाणीच. गार होतं अजून. उद्यापर्यंत चालेल असं ठरवलं.

२३ मार्च
दुपारी गावात. बायामाणसं मोहफुलं वेचायला गेलेली. बुधाजी पाटलांनी हाका मारून जमवली. रुकमाबाई पहिली, चार वर्षांची सोमी कडेवर.
"लई दुखते का, डाक्तर?"
"मुंगी चावल्यासारखं."
(मी डॉक्टर नाही, टोचणारा. कोणी ऐकत नाही.)
एकतीस पोरं झाली. डब्यातलं पाणी कोमट होतं. बोललो नाही.

३१ मार्च
आठवा दिवस, दंड पाहायला गेलो. एकाच्याही दंडावर फोड नाही, म्हणजे लस उगवलीच नाही.
पाटील : "मातेनं तुही निशानी घेतली नाई."
रजिस्टरात 'उगवली' लिहिलं असतं तर कोण पाहणार होतं... रकाना कोरा ठेवून परतलो.

२ एप्रिल, नागभीड
शाळेतल्या सायन्सच्या मास्तरांकडून फॅरनहाइटचा थर्मामीटर आणला. तीन वाट्यांत सारखा बर्फ. एकीत नुसता, दुसरीत मीठ, तिसरीत साखर (सौ.ची नजर चुकवून). नुसता : बत्तीस डिग्री, हलेना. मिठाचा : वीस, पंधरा, दहा! साखरेचा बत्तीसच्या जरा खाली. पण मिठाच्या वाटीचं पाणी सर्वात आधी झालं. नुसता बर्फ मागून कितीतरी वेळ होता.
मास्तर म्हणाले, पाण्यात काहीही विरघळलं की ते बत्तीसला गोठत नाही, आणखी खाली जावं लागतं. म्हणून बर्फ भराभर वितळतो, आणि वितळायला लागणारी उष्णता आजूबाजूची ओढतो. गार होतो, पण टिकत नाही.
मला गार नको होतं. टिकायला हवं होतं.


६ एप्रिल
नवी लस. बर्फ नुसता, भुशात दाबून, वर ओलं पोतं. पोचेपर्यंत निम्मा शिल्लक.
पाटलांना सांगितलं, मागची लस मेलेली होती, माझ्या मिठानं.
ते मोहफुलं पसरत राहिले. मग, "तुले तवाच मालूम होतं?"
"पाणी कोमट झालेलं दिसलं होतं."
"मंग बोलला काऊन नाई?"
शेवटी त्यांनीच उठून घरोघर हाका दिल्या. तीस आली. रुकमाबाई नाही, नुसता निरोप : "माही पोर दुसऱ्यांदा नाई भेटत."
सामान आवरताना स्वतःच आली. "पयले डबा दाखव."
दाखवला. तिनं बर्फाचा खडा उचलला, सोमीच्या गालाला लावून पाहिला. मग पोरीचा दंड पुढं केला.

१४ एप्रिल
सव्वीस जणांचे फोड उत्तम, टपोरे. पाचांचे बारीक. जीव भांड्यात पडला, तोच पाटलांनी बाजूला घेतलं. सोमीला कालपासून ताप.
पहिल्या टोचणीनंतर रुकमाबाई तिला घेऊन साथीच्या गावी भावाकडे जाऊन आली होती. मला आज कळलं. "टोचलं हाय, मंग भेव कायचं, म्हनून गेलती."
सोमीचा दंड पाहिला. फोड चांगला उठलाय. त्याचाही ताप येतो, आठव्या दिवशी येतोच. तोंडावर, तळव्यांवर काही नाही. देवी असेल तर पुरळ तापाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी उठतो, अजून दोन दिवस पाहावं लागेल. इथंच राहतो. पाटलांनी खाट टाकून दिली.
रुकमाबाई पोरीच्या उशाशी. वर न पाहताच म्हणाली, "कायचा ताप हाय, भाऊ?"
सांगितलं, माहीत नाही.
तिनं सरकून मला बसायला जागा केली.